‘बुश’ या शब्दाची कैफियत

माझ्या लहानपणी ‘बुश’ हा शब्द आमच्या भोवताली तीन निरनिराळ्या ठिकाणी नांदत होता, आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ कोणी कोणाला विचारीत नसे. माजघराच्या फळीवर, क्रोशाने विणलेल्या रुमालाखाली जो रेडिओ असे त्याच्या काचेवर हे नाव होते; वडील कचेरीतून परतले म्हणजे अर्ध्या बाह्यांचा, सरळ कडेचा जो सदरा खुंटीवर लटके त्याला सारे घर बुशशर्ट म्हणे; आणि आळीच्या तोंडाशी मोटारदुरुस्तीचे जे दुकान होते तेथील मिस्त्री ट्रकखालून सरकत बाहेर येऊन, तेलकट हात पुसता पुसता, “पाट्याचे बुश गेलेत” असे सांगत. पुढे शाळेत इंग्रजी शिकू लागलो तेव्हा या शब्दाचा अर्थ ‘झुडूप’ असा पाठ करावा लागला, आणि रेडिओ, सदरा व ट्रक या तिघांच्या मध्ये हे झुडूप कोठून उगवले, हा प्रश्न जो मनात रुतला तो पुष्कळ वर्षे तसाच राहिला.

आपल्याकडे एखाद्या गावाचा किंवा वतनाचा पूर्वापार वृत्तांत ज्या कागदात लिहिला जाई त्याला कैफियत म्हणत. जमिनीचा तंटा उभा राहिला म्हणजे एक पक्ष सनद पुढे करी आणि दुसरा पक्ष वहिवाट दाखवी. कागद खरा की कसणूक खरी, हा त्या तंट्याचा गाभा असे. शब्दांच्या जगातही हाच तंटा अखंड चालू असतो. व्युत्पत्ती ही शब्दाची सनद होय. परंतु त्याचा अर्थ त्या सनदेवरून ठरत नाही, तो ज्या मुलखात जाऊन राहिला त्या मुलखातील माणसांनी त्याची जी वहिवाट केली तिच्यावरून ठरतो. ‘बुश’ या साध्या, एकाक्षरी इंग्रजी शब्दाइतका या गोष्टीचा स्वच्छ पुरावा क्वचितच सापडेल, म्हणून त्याची कैफियत येथे मांडीत आहे.

झुडूप कशाला म्हणावे

प्रथम मूळ वस्तूच पाहू. ज्या काष्ठमय वनस्पतीला एकच ठळक खोड नसते, जिच्या अनेक शाखा जमिनीलगतच फुटतात आणि जिची उंची सामान्यतः पाच-सहा मीटरांच्या आत राहते, तिला वनस्पतिशास्त्र झुडूप म्हणते. ही व्याख्या दिसते तितकी पक्की नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलचा उत्तराधिकारी थिओफ्रॅस्टस याने वनस्पतींची वृक्ष, झुडूप, उपझुडूप आणि तृणादी औषधी अशी चतुर्विध वाटणी केली, परंतु ती करतानाच या वर्गांच्या हद्दी एकमेकींत मिसळतात आणि मनुष्याच्या मशागतीने एका वर्गातील वनस्पती दुसऱ्या वर्गात गेल्यासारखी दिसते, हेही त्याने मोकळेपणाने नमूद करून ठेवले. चहाचेच उदाहरण घ्या. चहाचे रोप मोकळे वाढू दिले तर ते दहा मीटरांहूनही उंच वृक्ष होऊ शकते; मळ्यात त्याला वारंवार छाटून कमरेइतके ठेवतात, कारण पाने खुडणाऱ्या बायकांचा हात पोहोचला पाहिजे; आणि म्हणून सारे जग त्याला झुडूप समजते. तेव्हा झुडूपपण हे काही अंशी निसर्गाचे देणे आहे आणि काही अंशी कोयत्याचे.

आपल्या सह्याद्रीत हिंडणारा मनुष्य तर झुडूप या एका शब्दावर भागवीतच नाही. करवंदीला तो जाळी म्हणतो, कारण तीत हात घातला की काटे गुंततात. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या कारवीने डोंगराची सबंध उतरण व्यापलेली असते म्हणून तो कारवीचे रान म्हणतो. आणि जेथे वाटच सापडत नाही तेथे नुसते गचपण माजले आहे एवढे सांगून तो पुढे जातो. वनस्पतीची उंची किती, खोडे किती, हा त्याच्या दृष्टीने गौण प्रश्न आहे. तिच्याशी आपला प्रसंग कसा पडतो, यावरून तो तिला नाव देतो.

आणि संस्कृतातील ‘गुल्म’ या शब्दाकडे पाहिले म्हणजे तर इंग्रजीतील या शब्दाचे नवल वाटेनासे होते. गुल्म म्हणजे झुडूप, एका मुळातून फुटलेल्या अनेक शाखांचा पुंजका. पण हाच शब्द प्राचीन सेनारचनेत नऊ हत्ती, नऊ रथ, सत्तावीस घोडे आणि पंचेचाळीस पायदळ यांच्या तुकडीला लावीत; मनुस्मृतीत राज्यरक्षणासाठी दोन, तीन, पाच किंवा शंभर गावांच्या मध्ये जे ठाणे बसवावयाचे त्यालाही गुल्मच म्हटले आहे; आणि आयुर्वेदात पोटात उठणाऱ्या गाठीसारख्या व्याधीचे नाव गुल्म असून तिचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व रक्तज असे पाच प्रकार वर्णिले आहेत. रानातला पुंजका, सैन्यातला पुंजका, उदरातला पुंजका: वस्तू तीन, परंतु दाटी एकच. वैद्य, सेनापती आणि वनचर या तिघांनी एकाच वनस्पतीकडे पाहून आपापल्या गरजेचा अर्थ तिच्यातून खुडून नेला.

एका घराण्याचा विस्तार

‘बुश’चे घराणे युरोपात फार पसरलेले आहे. उत्तरेकडच्या जर्मानिक भाषांतून आलेला हा धातू मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘बोस्कुस’ या रूपाने आढळतो, आणि त्याचेच वंशज इटालियनमध्ये ‘बोस्को’, स्पॅनिशमध्ये ‘बोस्के’, फ्रेंचमध्ये ‘ब्वा’, डचमध्ये ‘बॉस’ आणि जर्मनमध्ये ‘बुश’ म्हणून आजही हयात आहेत. यातील विशेष असा की दक्षिणेकडे गेलेल्या भावंडांनी झुडपाचा अर्थ सोडून अरण्याचा किंवा लाकडाचा अर्थ धरला. फ्रेंचांचे उंच स्वराचे लाकडी वाद्य, म्हणजे ‘ओ-ब्वा’, ते इंग्रजांच्या मुखी ‘ओबो’ झाले. आपल्या सनईप्रमाणेच ते दुहेरी पत्तीवर वाजते.

आज आपल्या समारंभांत पाहुण्याच्या हाती जो बुके दिला जातो, तोही याच कुळातला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ लहानसे वन, झाडांचा पुंजका असा होता. पुढे झाडांच्या जागी फुले आली आणि वनाचा गुच्छ झाला. ज्या सभागृहात ‘कृपया बुके आणू नयेत’ अशी विनंती केलेली असते तेथे, मूळ अर्थाला धरून बोलावयाचे तर, यजमान पाहुण्यांना आपल्या घरी वने न आणण्याची विनंती करीत असतो. दबा धरून शत्रूवर अकस्मात तुटून पडणे या अर्थाचा ‘अँबुश’ हा इंग्रजी शब्दही जुन्या फ्रेंचमधून आला असून ‘झाडीत लपणे’ हाच त्याचा मूलार्थ आहे. एकाच मुळापासून सत्काराचे साधन निघाले आणि घाताचेही निघाले, कारण दाट झाडीत फुले सापडतात आणि शत्रूही सापडतो.

हॉलंडमधील एका जुन्या शहराचे नाव ‘ड्यूकचे वन’ या अर्थाचे आहे. हिएरोनिमस बॉश या विख्यात चित्रकाराने आपले नाव या जन्मगावावरूनच घेतले. जर्मनीतही बॉश हे आडनाव याच कुळातून आलेले आहे. १८८६ मध्ये स्टुटगार्ट येथे रॉबर्ट बॉश यांनी जी कर्मशाळा काढली तिचा वंशविस्तार पुढे नाशिकपर्यंत पोहोचला. नाशिककर ज्या कारखान्याला ‘मायको’ म्हणत आले आणि ज्याच्या नावाने तेथला मायको सर्कल ओळखला जातो, त्याच्या मूळ पुरुषाच्या नावात हे झुडूप लपलेले आहे. आपल्याकडे ज्याप्रमाणे बोरीवरून बोर गाव आणि बोर गावावरून बोरकर, त्याचप्रमाणे युरोपातही घराजवळच्या झाडीवरून माणसे ओळखली जात. अमेरिकेला दोन राष्ट्राध्यक्ष देणाऱ्या घराण्याचे बुश हे आडनावही याच रीतीचे आहे.

म्हणी, मद्यशाळा आणि न जळणारे झुडूप

इंग्लंडच्या खेड्यांत हा शब्द शिकाऱ्यांच्या तोंडी वाढला. हातातला एक पक्षी झुडपातल्या दोन पक्ष्यांहून मोलाचा, ही इंग्रजी म्हण आपण ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये’ या शब्दांत जाणतो. दोन्ही म्हणी शिकारीच्याच, पण इंग्रजाचे सावज झुडपात बसलेले आहे आणि आपले पळत सुटले आहे. मूळ मुद्द्याला हात न घालता आडवळणाने बोलणाऱ्या मनुष्यास इंग्रज ‘झुडपाभोवती झोडपणारा’ म्हणतो. आपल्याकडे शिकारीत हाका घालणारे हाकारे ज्याप्रमाणे झाडी झोडपून सावज उठवीत, त्याप्रमाणे तिकडचे हाकारे पक्षी उठवीत. शिकार करावयाची ती दुसऱ्याने, यांचे काम झोडपण्याचेच.

मद्यशाळेशी या शब्दाचा जो संबंध जडला तो अधिक जुना आहे. द्राक्षदेवता बॅकसला आयव्हीची वेल प्रिय, म्हणून मद्य विकणारा आपल्या दारावर आयव्हीच्या डहाळ्यांची जुडी टांगीत असे. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना ही हिरवी पाटी वाचता येई. या जुडीला बुशच म्हणत, आणि उत्तम मद्याला अशा जुडीची गरज नसते, ही म्हण शेक्सपिअरने एका नाटकाच्या समारोपात वापरल्यामुळे अमर झाली. ही चाल निव्वळ इतिहासजमा झालेली नाही. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ मध्ये फर्मान काढून शेतकऱ्यांना आपल्या मळ्यातले मद्य आपल्याच घरी विकण्याची मोकळीक दिली. त्या देशात अशा घरगुती मद्यशाळेला आजही ‘बुशेनशांक’ म्हणतात, आणि विक्री चालू असली म्हणजे दारावर डहाळ्यांची जुडी टांगलेली असते.

परंतु सर्व झुडपांत पूज्य झाले ते सिनाई पर्वतावरचे. यहुदी धर्मग्रंथाच्या दुसऱ्या पुस्तकात, मेंढरे चारीत रानात गेलेल्या मोशेला एक झुडूप पेटलेले दिसते, पण ते जळून जात नाही, आणि त्याच्यातून त्याला ईश्वराची वाणी ऐकू येते, असे वर्णन आहे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने तेथे बांधविलेल्या मठात काटेरी झुडपाची एक जाळी त्या दिव्य झुडपाचा वारसा म्हणून आजही राखलेली आहे. आणि दूर स्कॉटलंडच्या धर्मसंस्थेने तेच न जळणारे झुडूप आपले बोधचिन्ह म्हणून स्वीकारले. ईश्वराने प्रकट होण्यासाठी देवदार किंवा खर्जूर न निवडता वाळवंटातले एक सामान्य काटेरी झुडूप निवडावे, या गोष्टीवर भाविकांनी शतकानुशतके चिंतन केले आहे. आपल्या मराठी ख्रिस्ती बांधवांनाही हे जळते झुडूप सुपरिचित आहे.

समुद्रापलीकडे

येथवर हा शब्द झुडपाच्या किंवा वनाच्या आसपासच घोटाळत होता. युरोपीय गलबतांबरोबर तो समुद्र ओलांडून गेला तेव्हा मात्र त्याचे रूप पालटले, आणि झाडाऐवजी भूमी, भूमीऐवजी माणसे, असे त्याचे लक्ष्य सरकत गेले.

१६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप येथे, आपले ठाणे वसविले. तेथे बारीक पानांची दाट झुडपे पाहून वसाहतवाल्यांनी त्या वनसंपदेला ‘फाइनबॉस’, म्हणजे बारीक झुडूप, असे नाव दिले. हे नाव त्या संपदेला फार थोडे आहे; कारण केपच्या या लहानशा वनस्पतिप्रदेशात सुमारे ९,००० जातींच्या वनस्पती असून त्यांतील दोनतृतीयांशाहून अधिक पृथ्वीवर अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. सीडरबर्गच्या डोंगरात उगवणाऱ्या ज्या वनस्पतीचा काढा आज चहाच्या दुकानांत ‘रॉयबॉस’ म्हणून मिळतो, त्याचाही अर्थ ‘लाल झुडूप’ एवढाच.

पण झुडपांच्या मागे माणसे होती. कंदमुळे आणि शिकार यांवर हजारो वर्षे निर्वाह करणाऱ्या, चुटकीसारख्या विलक्षण ध्वनींच्या भाषा बोलणाऱ्या या लोकांना डचांनी झुडपातला मनुष्य या अर्थाचे नाव दिले, आणि इंग्रजीत त्याचे ‘बुशमन’ झाले. या नावात परिचय थोडा आणि तुच्छता अधिक होती. ‘सान’ हे जे दुसरे नाव ग्रंथांतून रूढ झाले, तेही त्यांच्या पशुपालक खोईखोई शेजाऱ्यांनी, ज्यांच्यापाशी गुरे नाहीत अशा लोकांसाठी वापरलेले. त्या निरनिराळ्या समूहांनी स्वतःला उद्देशून घेतलेले एकच सामायिक नाव नव्हतेच. कलाहारीच्या मध्यभागी १९६१ मध्ये राखून ठेवलेल्या अभयारण्यातून त्यांना पुढे हुसकावून लावण्यात आले, आणि २००६ मध्ये बोट्स्वानाच्या उच्च न्यायालयाने ती हकालपट्टी बेकायदा ठरवून त्यांना आपल्या भूमीवर परतण्याचा हक्क मान्य केला. ज्यांना परक्यांनी झुडपाचे म्हणून हिणविले त्यांनी अखेर न्यायासनासमोर, आम्ही त्या झुडपांचे आहोत म्हणूनच ती भूमी आमची, असे सांगून आपला दावा मांडला. सनद कोणापाशीही नव्हती. जिंकली ती वहिवाट.

रानाचा मुलूख

या शब्दाचे सर्वांत मोठे राज्य मात्र ऑस्ट्रेलियात आहे. १७८८ मध्ये इंग्लंडहून हद्दपार केलेल्या कैद्यांचा पहिला तांडा तेथे उतरला, आणि वसाहतीच्या कुंपणापलीकडे जे काही होते त्या सर्वांना ‘द बुश’ हे एकच नाव पडले. केपच्या डच शब्दाचीच ती छाया असावी असे पुष्कळ भाषापंडित मानतात. या ‘बुश’मध्ये झुडपे आहेत, गवताळ माळ आहेत, आणि आपण निलगिरी म्हणून ओळखतो त्या वंशातील सातशेहून अधिक जातींची वृक्षराजीही आहे. त्यांपैकी एका जातीचा टास्मानियातील एक वृक्ष सुमारे १०० मीटर उंच आहे. सपुष्प वनस्पतींत जगातल्या सर्वांत उंच वृक्षांपैकी एक ज्या भूमीत उभा आहे तिलाही तेथील लोक ‘झुडूप’ म्हणतात, इतका हा शब्द आपल्या सनदेपासून दूर गेला.

याला मराठीत प्रतिशब्द शोधू गेल्यास ‘झुडूप’ कामास येत नाही, ‘रान’ येतो. अरण्य या संस्कृत शब्दापासून निघालेले आपले रान हे अरण्य तर आहेच, पण देशावरचा शेतकरी ‘रानात गेलाय’ म्हणतो तेव्हा तो शेतात गेलेला असतो. रान उठविता येते, रान मोकळे मिळते, जिवाचे रान करता येते. ‘रानटी’ म्हणून आपण तुच्छता दाखवितो आणि ‘रानमेवा’ म्हणून जिव्हाळा. ऑस्ट्रेलियनाचा ‘बुश’ही असाच दुहेरी आहे. १८९२ मध्ये सिडनीच्या ‘बुलेटिन’ साप्ताहिकात हेन्री लॉसन आणि बँजो पॅटर्सन या दोन कवींमध्ये जो पद्यमय वाद झाला त्याचा विषयच हा होता, की बुशमधले जीवन मुक्त आणि उल्हसित आहे की भकास आणि कष्टमय. आपल्याकडे ना. धों. महानोरांना रानकवी म्हणताना आपण जो गौरव करतो, त्याच्याशी तिकडच्या ‘बुश पोएट’ या बिरुदाचे नाते सहज ओळखता येते.

कैदेतून पळून रानात शिरलेले, वाटसरू लुटणारे बंदी हे पहिले ‘बुशरेंजर’. या परंपरेतला सर्वांत प्रसिद्ध पुंड म्हणजे नेड केली. आयर्लंडहून हद्दपार होऊन आलेल्या बापाच्या या मुलाने नांगराच्या लोखंडी पत्र्यांचे चिलखत घडविले आणि ते अंगावर चढवून जून १८८० मध्ये ग्लेनरोवन येथे पोलिसांशी सामना दिला; ११ नोव्हेंबर १८८० रोजी मेलबर्नच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. पोलीस निघाले आहेत ही बातमी पुंडांना आगाऊ पोहोचविणारे जे हेर व हितचिंतक असत, त्यांना लोक तारायंत्राच्या त्या नवलाईच्या काळात ‘टेलिग्राफ’ म्हणू लागले, आणि तोंडातोंडी पसरणाऱ्या बातमीला ‘बुश टेलिग्राफ’ हे नाव कायमचे चिकटले. १८७२ मध्ये दक्षिण किनाऱ्यापासून उत्तर किनाऱ्यापर्यंत खरी तार खेचली गेली. तथापि रानातल्या एकाकी घरांचे एकाकीपण तिने फिटले नाही. ते काही अंशी फिटले ते जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या प्रयत्नाने. १९२८ मध्ये क्वीन्सलंडमधील क्लोनकरी येथून त्याने विमानाने जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू केली, आणि विजेची सोय नसलेल्या वस्त्यांसाठी आल्फ्रेड ट्रेगरने पायांनी चालविण्याचे बिनतारी यंत्र तयार केले. शेकडो मैलांच्या निर्जन रानात एखादी आई पायटे मारीत मारीत डॉक्टरला आपल्या मुलाच्या तापाची हकीकत सांगत आहे, हे चित्र मला या शब्दाच्या साऱ्या इतिहासात सर्वांत हृद्य वाटते.

या रानाला एक उग्र बाजूही आहे. निलगिरीची तेलकट पाने, उन्हाळ्याची कोरड आणि वाळवंटाकडून येणारा वारा यांचा मेळ बसला म्हणजे ‘बुशफायर’, अर्थात वणवा, भडकतो. १९३९ च्या जानेवारीतील वणव्यात व्हिक्टोरिया प्रांतात ७१ माणसे गेली; ७ फेब्रुवारी २००९ रोजी त्याच प्रांतात उसळलेल्या वणव्यांनी १७३ जणांचा बळी घेतला. त्या भूमीचे मूळ रहिवासी लहान लहान आगी लावून झाडोरा आवरीत आले होते आणि हे कौशल्य त्यांना सहस्रावधी वर्षांपासून अवगत होते. पण वसाहतवाल्यांच्या लेखी ती भूमी कोणाचीच नव्हती. जमाबंदीच्या दप्तरात एखादा तुकडा ‘पडीक’ म्हणून दाखल झाला की तेथे गुरे चारणारी, सरपण वेचणारी माणसे कागदावरून नाहीशी होतात. ‘बुश’ या शब्दानेही नेमके हेच केले. ३ जून १९९२ रोजी माबो खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायासनाने ती भूमी कोणाचीच नव्हती ही कल्पना मोडीत काढली आणि मूळ रहिवाशांचा भूमीवरील पूर्वापार हक्क कायद्यात प्रथमच मान्य झाला.

अन्य मुलखांतील वहिवाटी आता थोडक्यात सांगतो. न्यूझीलंडमध्ये हा शब्द नेच्यांनी दाटलेल्या सदाहरित अरण्याला लावतात. तेथे आकडेदार काट्यांची एक वेल आहे, जी कपड्याला एकदा धरली की सोडीत नाही, म्हणून तिचे नाव ‘रानवकील’. कॅनडात मेपल वृक्षांच्या राईला ‘शुगर बुश’ म्हणतात, आणि तेथील सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक हाती येतो. अलास्कात ज्या वस्त्यांना रस्ता नाही, जेथे विमानाने किंवा होडीनेच जावे लागते, तो सारा मुलूख ‘बुश’ होय, मग तेथे बर्फावाचून दुसरे काही नसले तरी चालते. नायजेरियाच्या बोलीत खेडवळपणाला हा शब्द लावतात. पण त्याच देशातील एमॉस टुटुओला यांनी १९५४ मध्ये आपल्या कादंबरीच्या नावात भुताखेतांचे ‘बुश’ आणले, तेव्हा त्याला गावाबाहेरच्या अद्भुत शक्तींच्या निवासाचे गूढ तेज चढले.

आपल्या दारी

आता माझ्या बालपणीच्या प्रश्नाकडे वळतो. आफ्रिकेच्या रानात फिरणारे इंग्रज शिकारी व सैनिक चार खिशांचे, पट्ट्याचे, खाकी कापडाचे जे हलके जाकीट वापरीत ते ‘बुश जॅकेट’. दुसऱ्या महायुद्धात ते उष्ण प्रदेशातील फौजांच्या अंगावर आले, आणि त्याचाच सौम्य नागरी अवतार म्हणजे आपला बुशशर्ट. विजारीत न खोचता बाहेर सोडावयाचा, मानेशी मोकळा असा हा सदरा आपल्या हवेला इतका मानवला की कारकून, मास्तर आणि तलाठी या सर्वांनी तो आपलासा केला, आणि शिंप्याच्या वहीत तो बुशशर्ट किंवा बुशकोट म्हणून रुजू झाला. शिकाऱ्याचे रान गळून गेले. कचेरीचा पोशाख उरला.

रेडिओची कथा निराळी आहे. लंडनच्या पश्चिमेस ‘शेफर्ड्स बुश’, म्हणजे शब्दशः मेंढपाळाचे झुडूप, या नावाचा एक भाग आहे. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या रेडिओच्या कंपनीने त्या भागावरून आपले नाव घेतले. त्याच लंडनमध्ये ऑल्डविच येथे ‘बुश हाउस’ ही भव्य इमारत उभी आहे. ती आयर्विंग बुश या अमेरिकन व्यापाऱ्याच्या नावाची असून बीबीसीची परदेशी सेवा २०१२ पर्यंत अनेक दशके तिच्यातून चालत असे. तेव्हा आमच्या माजघरात रात्री बुश रेडिओचा खुंटा फिरवून वडील बुश हाउसमधून आलेल्या हिंदी बातम्या ऐकत, त्या क्षणी एक झुडूप दुसऱ्या झुडपाशी बोलत असे. दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती. एकाला नाव दिले होते एका मोहल्ल्याने आणि दुसऱ्याला एका आडनावाने, आणि दोन्ही वाटा मागे मागे जात कोठल्या तरी विस्मृत झाडीपाशी मिळत होत्या.

सनद नसलेला वारस

राहिला मिस्त्रींचा बुश. यंत्रात फिरणारा दांडा ज्या छिद्रातून जातो त्या छिद्रात पितळेचे, गनमेटलचे किंवा रबराचे एक नळकांडे बसवितात. दांडा आणि सांगाडा यांचे घर्षण ते आपल्यावर घेते आणि झिजले की बदलता येते. शब्दकोश उघडून मी पाहिले तेव्हा कळले की या बुशचा झुडपाशी काहीएक संबंध नाही. तो डचांच्या ‘बस’, म्हणजे डबी, या शब्दापासून आला. दोघांचा उच्चार सारखा झाला, एवढेच. आमच्या तीन बुशांपैकी दोन सख्खे आणि हा तिसरा केवळ नामसादृश्याने घरात शिरलेला, असे वाटून माझी थोडी निराशा झाली.

पण कैफियत अर्ध्यावर सोडू नये. डच ‘बस’च्या मागे लॅटिन ‘बुक्सिस’ आहे, आणि त्याच्या मागे ग्रीक ‘पुक्सिस’. पुक्सिस म्हणजे ‘पुक्सोस’ या वनस्पतीच्या लाकडाची डबी. हे लाकूड अतिशय घट्ट, गुळगुळीत आणि पिवळसर असते, म्हणून डब्या, कंगवे, बासऱ्या आणि कोरीव काम यांसाठी त्याची कीर्ती होती. ही पुक्सोस, लॅटिनमध्ये ‘बुक्सुस’, युरोपातल्या बागांतून आजही कातरून नीटस कुंपणासाठी लावतात. ती संथपणे वाढते, तिला जमिनीलगतच अनेक फांद्या फुटतात, आणि ती सदाहरित असते. ती एक झुडूप आहे.

त्या मिस्त्रींना मी एकदा विचारले होते, की बुश म्हणजे नक्की काय. त्यांनी झिजलेला एक बुश माझ्या तळहातावर ठेवला. आतून तो आरशासारखा गुळगुळीत झाला होता आणि एका बाजूने कागदाइतका पातळ. “दांडा महाग, बाळा,” ते म्हणाले, “म्हणून हा झिजतो.” त्यांना ग्रीकांची डबी ठाऊक नव्हती, मलाही तेव्हा नव्हती, आणि ट्रक दुसऱ्या दिवशी नव्या बुशावर घाटाकडे निघून गेला.